स्टाऊटची कृती कशी रचावी?

नवशिक्या माणसाने केलेली आमटी तुम्ही कधी चाखली आहे का? डब्यात सापडेल तो मसाला त्याने तीत टाकलेला असतो. आमटी बिघडली हे पहिल्या घासालाच कळते. पण कशाने बिघडली, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. आजच्या विषयाचे मर्म एवढेच आहे. उदाहरण मात्र जरा दूरचे घेऊ या.

स्टाऊट ही ब्रिटन आणि आयर्लंड या देशांतली काळीभोर बिअर. डब्लिन शहरात आर्थर गिनेस याने १७५९ साली आपला कारखाना थाटला. तिथली स्टाऊट पुढे जगभर पोचली. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायलाही १९६३ पर्यंत परवाना लागे. त्या वर्षी ती अट उठली आणि हौशी माणसे घरीच प्रयोग करू लागली. आपल्याकडची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा ही माहिती करून पाहण्यासाठी नव्हे. नवी कृती रचताना विचार कसा करावा, हे समजण्यासाठी आहे.

आधी धान्य पाहू. बिअरचे मुख्य धान्य जव, म्हणजे आपला सातू. नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. जवाचेही तसेच करतात. त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात अशी द्रव्ये तयार होतात की, ती पिठाची साखर करतात. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते ना? तोच प्रकार.

साध्या स्टाऊटला तीनच प्रकारचे जव पुरतात. शंभर भागांत सत्तर भाग फिकट माल्ट. साखर मुख्यतः त्यातून येते. वीस भाग जवाचे पोहे; त्यांनी दाटपणा येतो आणि फेस टिकतो. उरलेले दहा भाग मोड न आणता काळेभोर भाजलेले जव. रंग आणि कॉफीसारखी कडसर चव त्यांची. वीस लिटरला हिशेब असा पडतो : माल्ट ३ किलो, पोहे ८५० ग्रॅम, भाजलेले जव ४२५ ग्रॅम. प्रत्येक जिन्नस कशासाठी घातला, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. जे सांगता येत नाही, ते वगळावे.

नवशिक्याचा पाय घसरतो तो इथेच. थोडे ओट, थोडी कॉफी, थोडे चॉकलेट, शिवाय दुधाची साखर, असे करीत तो दहा जिन्नस जमवतो. मग आमटीची गत होते!

आता कृती. माल्ट आणि भाजलेले जव भरडून, पोहे मिसळून, सगळे गरम पाण्यात तासभर ठेवतात. मिश्रणाची उष्णता सुमारे ६६ अंश सेल्सियस राहावी लागते. पाणी फार कढत झाले तर साखर करणारी द्रव्ये मरतात आणि पिठाचे पीठच राहते. मग गोड रस गाळून तासभर उकळतात. उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची ५५ ग्रॅम सुकी फुले घालतात. गोडीला त्यांचा कडूपणा तोल देतो. रस २० अंशांपर्यंत निववून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते, आणि त्यातून मद्यार्क व वायू निघतो. या घटकेपासून भांडी निर्मळ हवीत, नाहीतर नको ते जंतू शिरून सारे आंबट करतात.

दूध केंद्रावर लॅक्टोमीटर पाहिला असेल. तसेच उपकरण, हायड्रोमीटर, या रसात सोडतात. आरंभी आकडा सुमारे १.०४३ येतो, साखर संपत जाईल तसा तो १.०१० पर्यंत उतरतो. गुरुजी, हे गणित मुलांना घालता येईल : दोन आकड्यांची वजाबाकी ०.०३३, तिला १३१ ने गुणा. उत्तर ४.३. शंभर भागांत मद्यार्क साधारण तेवढे भाग. हा आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस हलला नाही, की मगच बाटल्या भरायच्या; फेसासाठी वीस लिटरमध्ये १०० ग्रॅम साखर घालायची. घाई केली तर आत वायू कोंडतो आणि बाटली फुटून काच उडते.

पहिली खेप जमली, पण चव जळकी लागली, असे समजा. पुढच्या खेपेला काय करावे? भाजलेले जव थोडे कमी करावे आणि बाकी सारे तसेच ठेवावे. एका खेपेला एकच बदल, आणि तो वहीत टिपलेला. त्याच वेळी हॉप्स आणि यीस्टही बदलले तर सुधारणा कशाने झाली, हे कधीच कळणार नाही.

ही शिस्त किती मोलाची, ते गिनेसच्याच कारखान्यात दिसले. विल्यम गॉसेट नावाचा गणित आणि रसायन शिकलेला तरुण १८९९ साली तिथे नोकरीस लागला. चार-सहा नमुन्यांवरून निष्कर्ष कितपत खरा मानावा, हा त्याचा प्रश्न होता. १९०८ साली त्याने त्याचे उत्तर ‘स्टूडंट’, म्हणजे ‘विद्यार्थी’, या टोपणनावाने छापले. संख्याशास्त्रात ती कसोटी आजही त्याच नावाने शिकवतात. पुढे जवाच्या जातींच्या शेतावरील चाचण्यांतही त्याने लक्ष घातले.

म्हणजे गोष्ट फिरून शेतावरच आली. एकाच हंगामात बियाणे बदलले, खत बदलले आणि पाण्याच्या पाळ्याही बदलल्या. पीक चांगले आले, तर श्रेय कोणाला द्यावे? म्हणून शेजारी-शेजारी दोन वाफे घ्यावेत, फरक एकच ठेवावा, वजन करावे आणि वहीत लिहावे. शाळेच्या बागेतही हे करता येईल, आणि त्याला परवाना लागत नाही!