टाळू शिवली, पुढे काय?

१८१९ साली मॉन्ट्रियलचा जॉन स्टीफन्सन पॅरिसमध्ये वैद्यक शिकत होता. त्याची मऊ टाळू जन्मतःच दुभंगलेली. फिलिबेर रू या सर्जनने ती टाके घालून सांधली. तेव्हा भुलीचा शोध लागायचा होता. गडी आ वासून, पुरत्या शुद्धीत बसून राहिला! पुढच्याच वर्षी एडिंबरोत त्याने पदवीसाठी प्रबंध लिहिला, तोही याच शस्त्रक्रियेवर. मॅकगिल विद्यापीठाची वैद्यक शाखा ज्या संस्थेतून उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता.

एका शस्त्रक्रियेत सगळ्यांचं भागतंच असं नाही.

म, न, ण म्हणताना हवा नाकातून जाते. प, ब, ट, क, स यांना मात्र तोंडात दाब लागतो. त्यासाठी मऊ टाळू वर उचलली जाते, घशाच्या मागच्या भिंतीला टेकते आणि नाकाची वाट बंद होते. दुभंगलेल्या टाळूत ती उचलणारे स्नायू मधोमध जुळलेलेच नसतात. ते पुढे, हाडाच्या कडेला चिकटलेले असतात. वरवर भोक बुजवलं आणि स्नायू तिथेच राहिले, तर टाळू अखंड दिसते पण हलत नाही. कधी स्नायू नीट जुळवूनही ती आखूड पडते. मग मूल ‘बाबा’ म्हणायला जातं आणि ऐकू येतं ‘मामा’. अशा वेळी नाकाखाली गार आरसा धरून ‘पापा’ म्हणायला लावलं, तर आरशावर वाफ धरते.

नेमकी फट किती आणि कुठे, हे नाकातून बारीक दुर्बीण घालून, मुलाला बोलायला लावून पाहतात. शस्त्रक्रिया त्यावर ठरते. फट लहान असेल तर फ्लोरिडाच्या लिओनार्ड फर्लो यांची पद्धत कामी येते: टाळूवर झेडच्या आकाराचे छेद घेऊन ती लांबवायची आणि स्नायूही जागेवर आणायचे. मोठ्या फटीसाठी घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी उचलून टाळूला जोडतात. हवेला दोन्ही बाजूंनी वाट उरते. जर्मनीत शॉनबॉर्न यांनी ही शस्त्रक्रिया १८७५ च्या सुमारास केली. तिसरा मार्ग घशाच्या बाजूच्या पट्ट्या वळवून वाट अरुंद करण्याचा.

वाट फार आवळली, तर मूल घोरतं, झोपेत श्वास अडकतो. म्हणून मोठे टॉन्सिल आधी पाहावे लागतात.

दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेचे ‘आधी-नंतर’ फोटो सगळीकडे झळकतात, टाळूच्या वाट्याला ते कौतुक येत नाही. म्हणूनच की काय, पालक पुढच्या तपासण्या सोडून देतात. खरं तर पहिली शस्त्रक्रिया साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत उरकली, तरी बोलणं फुटेपर्यंत निकाल कळतच नाही. शिवाय दाब जमत नसल्याने काही मुलं ‘क’, ‘ट’ घशातच अडवून काढायला शिकलेली असतात. ही सवय सुरी मोडत नाही. ती वाचा-उपचारतज्ज्ञाकडे, महिनोन्महिने, एकेका अक्षरावर मोडावी लागते.