सातिवली ते अहमदाबाद, व्हाया सहार

लेखांक ६

मागच्या आठवड्यात रुळांचं आणि रस्त्याचं अंतर वेगवेगळं का भरतं ते पाहिलं. आज हवाई अंतर. ते समजून घ्यायला वसई पूर्वेच्या सातिवलीसारखं ठिकाण नाही. इथल्या गाळ्यांमधून माल आणि माणसं रोज गुजरातकडे निघतात, आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ तर अगदी शेजारून जातो.

मुंबई आणि अहमदाबादच्या विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ४४० किलोमीटर आहे. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. त्यामुळे नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती वसई पूर्वेवरूनच जाते. म्हणजे सातिवलीकर आधीच त्या वाटेवर पस्तीसेक किलोमीटर पुढे असतो! तरीही विमानासाठी त्याला उलट दिशेला, वर्सोवा पूल आणि दहिसर ओलांडून सहारच्या विमानतळावर जावं लागतं.

आता वेळ. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने ४४० किलोमीटर कापायला ३३ मिनिटं पुरावीत. तिकिटावर मात्र साधारण सव्वा तास लिहिलेला असतो. ही फसवणूक नाही. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. साहजिकच रांग लागते. उड्डाण बहुतेक वेळा पश्चिमेला, समुद्राकडे होतं आणि मग विमान उत्तरेला वळतं. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर मर्यादा असते. इतक्या छोट्या प्रवासात चढण आणि उतरण यांतच बराचसा वेळ जातो, पूर्ण वेगाने उडायला थोडीच मिनिटं उरतात. मुंबई–दिल्लीचं सरळ अंतर सुमारे ११४० किलोमीटर, म्हणजे अडीचपटीहून जास्त. पण तिकिटावरची वेळ सव्वादोन तासांच्या आसपास, दुपटीहूनही कमी. विमानाचा खरा फायदा लांबच्या पल्ल्याला मिळतो तो असा.

याच मार्गावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी पुस मॉथ विमानातून टपाल आणलं होतं. सकाळी कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब केला की चित्र पालटतं. सहार गाठायला दीड ते दोन तास, उड्डाणाआधी दोन तास हजेरी, सव्वा तासाचा प्रवास, मग बॅग घेऊन अहमदाबाद शहरात शिरायला पाऊण तास. एकूण साडेपाच ते सहा. बोरिवलीला वंदे भारत धरली तर पाचेक तासांत अहमदाबाद स्थानक येतं, म्हणजे शहराच्या मध्यावरच. बोरिवली गाठण्याचा वेळ धरूनही हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो, आणि भाडं बहुतेक वेळा कमी पडतं. विरारला थांबा असलेला ५०८ किलोमीटरचा बुलेट ट्रेन मार्ग सुरू झाला, की सातिवलीपुरता हा प्रश्नच निकाली निघेल.

माझं मत स्पष्ट आहे: वसई-विरारकरांनी अहमदाबादसाठी रेल्वे धरावी, विमान दिल्लीसाठी राखून ठेवावं. तिकीट काढण्यापूर्वी आपल्या दारापासूनचे तास एकदा कागदावर मांडा. पुढच्या आठवड्यात मुंबई–कोलकाता: तिथे जाताना आणि येताना लागणारा वेळ वाऱ्यामुळे कसा बदलतो, ते पाहू.