ट्रक रोज पाणी मागतो, तेव्हा

ज्या व्यापारी बांधवांच्या दारात स्वतःचा जुना ट्रक उभा आहे, त्यांना हे दृश्य नवीन नाही. सकाळी क्लीनर कॅन घेऊन येतो, रेडिएटरमध्ये पाणी ओततो, टोपी लावतो, गाडी निघते. काल ओतलेले पाणी गेले कुठे, हे कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नाही. ताग्यात पाव मीटर कापड कमी भरले तर आम्ही मोजणाऱ्याला तीन वेळा मोजायला लावतो. पण आमचा ट्रक रोज चार लिटर पाणी पीत होता, ते मात्र आम्ही दोन महिने चालू दिले. उलट ड्रायव्हरलाच बोललो, की तुझे लक्ष नसते.

मालेगावहून ग्रे कापडाच्या गाठी भिवंडीला जातात आणि येताना सुताच्या गोण्या येतात. जाताना कसारा घाट उतरायचा असतो, त्यामुळे इंजिनाला त्रास नाही. येताना भरल्या गाडीने तोच घाट चढायचा. त्या दिवशी घाटाच्या मध्यावर काटा लाल पट्ट्यात गेला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि सवयीप्रमाणे क्लीनर पोरगा हाताला फडके गुंडाळून टोपी उघडायला गेला. उकळते पाणी त्याच्या हातावर आणि मानेवर उडाले. तीन आठवडे तो कामावर येऊ शकला नाही. चूक पोराची नव्हती. गरम इंजिनाची टोपी उघडायची नसते, हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते.

कारण असे की ही टोपी नुसते झाकण नाही. तिच्यात स्प्रिंग आणि रबर असते आणि ती आतला दाब धरून ठेवते. मोकळ्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. सात पौंड दाबाची टोपी धड असेल तर तेच पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. पण अशा वेळी टोपी फिरवली की दाब सुटतो आणि आतले पाणी त्या क्षणी वाफ होऊन बाहेर येते. म्हणून इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरचा पाइप हाताला गार आणि मऊ लागला तरच टोपीला हात लावावा. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये, हेडला तडा जातो. कोणी भाजलाच तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरावा. टूथपेस्ट किंवा शाई लावण्याचा आपल्याकडचा रिवाज नुकसानच करतो.

आता गळती शोधण्याबद्दल. आम्ही प्रथम नवीन टोपी घेतली, कारण तीच सर्वांत स्वस्त आणि जुनीचे रबर कडक झाले होते. टोपी दाब धरीत नसेल तर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जाते आणि माणूस उगाच इंजिनात गळती शोधत बसतो. नवी घेताना जुन्या टोपीवरचा दाबाचा आकडा पाहून तीच मागावी. जास्त दाबाची बसवली तर जुना रेडिएटर फाटतो.

त्यानंतर रात्री गाडीखाली पुठ्ठे पसरले. सकाळी पुढच्या बाजूच्या पुठ्ठ्यावर ओला डाग होता. वर पाहिले तर वॉटर पंपाच्या खाली पांढरट रेघ सुकलेली. पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की पाणी तिथून ठिबकते, म्हणजे मालकाला इशारा मिळतो. काही शहाणे हे छिद्र एमसीलने बुजवतात. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते, पंप जाम होतो आणि पंखाही सोबत जातो. इंजिन बंद करून, चावी काढून पंख्याचे पाते पुढे-मागे हलवून पाहावे. खडखड झाली तर बेअरिंग गेले. आमचे हलत होते, म्हणून पंपच बदलला.

पंपाबरोबर सगळे होज पाइपही बदलून घ्यावेत. दाबून पाहिले की कुरकुर आवाज येतो किंवा फुगवटा दिसतो, तो पाइप संपला समजावे. थंडीत पहाटे क्लँपजवळ ठिबकते आणि इंजिन तापल्यावर थांबते, असेही होते. अशा वेळी ड्रायव्हर खरे बोलतो आणि मालकाला खोटे वाटते. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात. साधे पाणी वापरून त्या आतून गंजतात, तेव्हा टॉर्च लावून तेही बघावे.

एवढे केल्यावर चार लिटरचे एक लिटर झाले. पण एक लिटर तरी कुठे जात होते? पुठ्ठे कोरडे राहू लागले. थंड इंजिनावर टोपी काढून गाडी चालू केली, तर रेडिएटरमध्ये बुडबुडे. गॅरेजवाल्याने पाहताक्षणी सांगितले, "सेठ, हेड गॅस्केट. हेड उतरवावे लागेल." अंदाज तीस हजारांचा दिला आणि आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो.

ट्रक लाइनमधल्या एका वयस्कर मिस्त्री चाचांनी थांबवले. म्हणाले, "बेटा, आधी डिपस्टिक काढ. तेल दूध घातलेल्या चहासारखे झाले आहे का? सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का?" दोन्ही नव्हते. रात्रभर उभ्या गाडीचा ऑइल सम्पचा बोल्ट सकाळी थोडा सैल करून पाहिला. तेलात पाणी असेल तर जड असल्याने तळाशी बसते आणि आधी पाणीच येते. आमच्या गाडीत पहिल्या थेंबापासून तेल आले. मग चाचांनी एअर ब्रेकच्या टाकीचा खालचा कॉक उघडला. नेहमी थोडा दमटपणा निघतो, इथे चांगले पेलाभर पाणी निघाले.

एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर अनेक ट्रकांत इंजिनाच्याच पाण्यावर थंड होतो. त्याच्या छोट्या हेडचे गॅस्केट गेले की हवा रेडिएटरमध्ये येते आणि पाणी हवेच्या टाकीत जाते. बुडबुडे पाहून सगळे मोठ्या हेडवर बोट ठेवतात. चाचांनी कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या सोडल्या, इंजिनाकडची टोके एका पाइपने जोडली आणि गाडी उभ्या-उभ्या फक्त काही मिनिटे चालवली. बुडबुडे बंद. कॉम्प्रेसरचे गॅस्केट बदलून काम झाले, मजुरीसह तीन हजारांच्या आत. घाट उतरताना त्याच टाकीतल्या हवेवर ब्रेक लागतात, हे नंतर आठवून आमची झोप उडाली ती वेगळीच.

रेडिएटरमध्ये हळद घालण्याचा नुस्खा आपल्या सर्वांना माहीत आहे. बारीक छिद्र तात्पुरते बुजते हे खरे, घरी पोहोचण्यापुरते चालेल. पण ती हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते आणि पुढे पाणी फिरत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचेही तसेच. काही इंजिनांत तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरते आणि गाडी उलट जास्त तापते.

पूर्वी आमच्याकडे बोअरचे खारे पाणी जात होते. त्याचा थर इंजिनात आतून बसतो, जसा घरच्या पातेल्यात बसतो. आता सगळे धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे टाकतो, संपूर्ण दर दोन वर्षांनी बदलतो. खर्च वाटतो, पण गंज थांबतो. फक्त कूलंट गोड असते आणि विषारी असते. काढलेले कूलंट अंगणात उघडे ठेवू नये. मुले आणि जनावरे पितात.

शुक्रवारी मालेगावात लूम बंद असतात, त्यामुळे गुरुवारच्या रात्री गाडी उभी राहते. क्लीनर स्वतः खाली पुठ्ठे टाकतो आणि शुक्रवारी सकाळी उचलून आम्हाला आणून दाखवतो. पाण्याची पातळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खडूने लिहितो. गेले चार महिने आकडा बदललेला नाही.