भांडा, पण कुलूप नको!

शहाण्णव सालची गोष्ट. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर माझे अक्षरजुळणीचे छोटेसे दुकान होते. दोन संगणक, एक लेझर प्रिंटर, कोपऱ्यात ट्रेसिंग पेपरची भेंडोळी आणि दिवाळी अंकांच्या मोसमात रात्री दोनपर्यंत चालणारा चहा. संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची वायर लागते त्या खोबणीत, आगपेटीएवढी एक डबी खोचलेली असे. धंद्यातले सगळे तिला ‘लॉक’ म्हणत. ती काढली की मराठी बंद! रात्री दुकान बंद करताना गल्ल्यातल्या पैशांबरोबर ती डबीही मी खिशात घालून घरी नेत असे. संगणक चोरीला गेला तर दुसरा घेता आला असता. डबी गेली असती तर धंदाच बसला असता.

त्या वर्षी सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. आपल्या गावच्या बोलीतले शब्द त्यांनी तीस वर्षे वह्यांमध्ये टिपून ठेवले होते. त्याचा चारशे पानांचा कोश आम्ही जुळवला. स्वखर्चाने तीनशे प्रती निघाल्या, बहुतेक वाटल्या गेल्या, आणि गुरुजीही काही वर्षांनी गेले. २०१७ साली त्यांची नात मला शोधत आली. म्हणाली, “काका, आजोबांचा कोश पुन्हा काढायचा आहे. तुमच्याकडे फाइल असेल ना?”

फाइल होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी मी ती जपली होती. उघडली, तर पडद्यावर ‘बैलगाडी’च्या जागी डॉलरची चिन्हे, प्रश्नचिन्हे आणि डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरे! कारण त्या काळी प्रत्येक फाँटवाल्याने देवनागरीची अक्षरे आणि त्यांचे तुकडे आपापल्या मर्जीने क्रमांक देऊन बसवले होते. एकाच्या क्रमांकावर ‘क’, तर दुसऱ्याच्या त्याच क्रमांकावर वेलांटी. भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ सालीच ठरले होते, युनिकोडमध्येही देवनागरीला त्याच वर्षी जागा मिळाली होती. पण छपाईचा बाजार आपल्याच वाटेने गेला. मी कंपनीला विचारले, “कोणत्या क्रमांकावर कोणते अक्षर, एवढेच सांगा.” उत्तर आले, “ते सांगता येणार नाही, ती आमची व्यापारी गुप्तता आहे. नवी आवृत्ती विकत घ्या.” नवी आवृत्ती जुनी फाइल नीट उघडेल का, याची हमी मात्र कोणी देईना.

शब्द गुरुजींचे, जुळणी माझी, आणि कुलूप तिसऱ्याचेच!

बिघडलेला प्रिंटर

हा अनुभव आला आणि मला एका अमेरिकन माणसाचा हट्ट पहिल्यांदा समजला. रिचर्ड स्टॉलमन हा एमआयटीच्या प्रयोगशाळेतला प्रोग्रॅमर. १९८० च्या सुमारास तिथे एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकला तर दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसाला कळत नसे. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमनने स्वतःच दुरुस्ती करून ती सोय केली होती. नव्याचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे ‘सोर्स कोड’, कंपनी देईना. तो दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे होता. स्टॉलमनने जाऊन मागितला, तर त्याने नकार दिला. कोणाला देणार नाही असा करार त्याने केला होता.

आपण असतो तर चार शिव्या घालून गप्प बसलो असतो. या गृहस्थाने १९८३ साली ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली एक विलक्षण परवाना लिहिला. त्याचा सारांश असा: हा प्रोग्रॅम घ्या, वापरा, उघडून पाहा, बदला, विका सुद्धा; पण पुढे देताना ज्या मोकळेपणाने तुम्हाला मिळाला त्याच मोकळेपणाने द्या. आमची एक मावशी गोड्या मसाल्याची कृती कोणालाही देई, पण एक जिन्नस नेमका हातचा राखून. स्टॉलमनचा परवाना म्हणजे जिन्नस राखायला मनाई!

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. १९७६ साली वीस वर्षांच्या बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना एक अनावृत पत्र लिहिले होते. आमचा प्रोग्रॅम तुम्ही फुकट वाटून घेता, ही चोरी आहे. मेहनतीचे पैसे मिळणार नसतील तर चांगले काम कोण करील, असा त्याचा सवाल होता. सवाल खोटा नव्हता. पुढची पन्नास वर्षे जे भांडण चालले आहे, त्याच्या दोन्ही बाजू या दोन प्रसंगांत आहेत.

गुरू आणि पोरगा

या जगातले सर्वांत गाजलेले भांडण मात्र पैशांवरून नव्हते. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की आपण एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, नुसता छंद म्हणून, फार मोठे काही होणार नाही. तीच पुढे ‘लिनक्स’ झाली. जानेवारी १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी चारचौघांत लिहिले, लिनक्स कालबाह्य आहे! टॅनेनबॉम साधे गृहस्थ नव्हेत. त्यांचे पाठ्यपुस्तक आणि त्यासाठी त्यांनी लिहिलेली ‘मिनिक्स’ ही शिकाऊ प्रणाली वाचूनच लिनस शिकला होता. त्यांचे म्हणणे, सगळा गाभा एकाच ठोकळ्यात बांधणे म्हणजे मागे जाणे. गाभा छोटा ठेवून बाकीची कामे वेगळी करावीत. शिवाय हे एकाच जातीच्या चिपला बांधलेले आहे. तू माझा विद्यार्थी असतास तर तुला चांगले गुण मिळाले नसते, असेही त्यांनी सुनावले.

पोरगाही गप्प बसणारा नव्हता. त्याने मिनिक्सच्या उणिवा एकेक करून मोजल्या आणि मग फार तिखट लिहिले म्हणून माफीही मागितली. टॅनेनबॉम यांनी तो राग धरला नाही.

गंमत पुढेच आहे. कोण बरोबर ठरले? नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक एकूण एक लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल तर त्याच्या पोटात लिनक्सच आहे. म्हणजे पोरगा जिंकला? तर त्याच २०१७ साली उघड झाले की इंटेलच्या चिपमध्ये एका कोपऱ्यात मिनिक्स चालते आहे. ‘कालबाह्य’ म्हणणाऱ्याची प्रणाली असंख्य संगणकांत बसली होती आणि खुद्द कर्त्याला पत्ता नव्हता. मिनिक्सचा नंतरचा परवाना तशी मुभा देणाराच होता. टॅनेनबॉम यांनी इंटेलला अनावृत पत्र लिहून म्हटले की कायद्याने सांगायची गरज नव्हती, पण शिष्टाचार म्हणून सांगितले असते तर बरे वाटले असते.

मला या वादात कोण जिंकले यापेक्षा एक गोष्ट मोलाची वाटते. दोघांचीही वस्तू वाचायला समोर होती. नुसते मत कोणी मांडत नव्हते. ‘हे बघ, इथे चुकले आहे’ असे दाखवता येत होते. आणि पटले नाही तर वेगळी चूल मांडता येते, हा या संस्कृतीचा पाया आहे. अलीकडचेच उदाहरण घ्या. ‘रेडिस’ हा माहिती साठवण्याचा लोकप्रिय प्रोग्रॅम. आमच्या मेहनतीवर मोठ्या क्लाउड कंपन्या पैसे करतात, अशा तक्रारीने मालकांनी मार्च २०२४ मध्ये त्याचा परवाना आवळला. थोड्याच दिवसांत जुन्या मोकळ्या आवृत्तीवरून ‘व्हॅल्की’ नावाची वेगळी चूल पेटली. २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एक खुला परवाना स्वीकारला. माझ्या फाँटवाल्याशी मी असा वाद घालूच शकत नव्हतो. बंद कपाटाशी भांडून हाताला फक्त दार लागते.

आवाज चढतो तेव्हा

पण या गावातली भांडणे सगळीच इतकी सुंदर नसतात. नावावरूनही इथे रणे माजतात. ‘लिनक्स’ म्हणायचे की ‘ग्नू-लिनक्स’? ‘मुक्त’ की ‘खुले’? १९९८ साली ‘ओपन सोर्स’ हा शब्द रूढ केला गेला तो धंदेवाल्यांना बिचकवणार नाही म्हणून. स्टॉलमन तो आजही मानत नाही, कारण त्यात स्वातंत्र्याचा उच्चारच नाही असे त्याचे म्हणणे. शत्रूंची बोलणीही बदलतात. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१८ साली त्याच मायक्रोसॉफ्टने खुल्या प्रोग्रॅमांचे सर्वांत मोठे कोठार, ‘गिटहब’, साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले. त्याच वर्षी टोरवाल्ड्‌सने सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे घातलेल्या शिव्यांबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली.

या चढ्या आवाजाची खरी किंमत कोण मोजतो? ज्याचे नाव कोणाला ठाऊक नसते तो. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचे भोक सापडले, तेव्हा कळले की इंटरनेटवरच्या असंख्य व्यवहारांचे कुलूप सांभाळणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या प्रकल्पाला वर्षाकाठी देणगी मिळत होती सुमारे दोन हजार डॉलर.

आणि २०२४ साली तर त्याहून भयंकर प्रकार झाला. ‘एक्सझेड’ हा फाइली आटोपशीर करणारा एक छोटा प्रोग्रॅम. फिनलंडमधला एक गृहस्थ अनेक वर्षे तो विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागे काही अनोळखी नावांनी टुमणे लावले: काम पुढे का सरकत नाही, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्या बिचाऱ्याने सांगून पाहिले की मनाची प्रकृती बरी नाही, आणि हे सारे मी हौसेने करतो आहे. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ या नावाचा एक मदतनीस गोड वागून हाताशी आला. हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या. २०२४ च्या सुरुवातीला त्याने त्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा बसवला. जगभरच्या सर्व्हरवर तो पोचण्याच्या बेतात होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, त्याने चिवटपणे मूळ शोधले, आणि मार्चअखेर ते जगाला सांगितले म्हणून अनर्थ टळला.

कोणी म्हणेल, पाहा, उघडे ठेवले की चोर शिरतो. मी म्हणतो, उघडे होते म्हणूनच एका परक्या माणसाला आत जाऊन पाहता आले. पण चोर आत आला कोणत्या वाटेने? टुमणे लावणारी ती नावे खरी माणसे नसावीत, चोराचेच साथीदार असावेत, असा जाणकारांचा दाट संशय आहे. आणि ती कोणाला खटकली नाहीत. कारण खरी माणसेही तसेच बोलतात!

माझे पत्र

हे वाचले आणि मला माझेच एक पत्र आठवले. गुरुजींचा कोश अडला होता तेव्हा विदर्भातल्या एका मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम माझ्या हाती लागला. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा, फुकट आणि उघडा. लावून पाहिला, डॉलर आणि टोप्या जाऊन पडद्यावर चक्क ‘बैलगाडी’ उमटली! पण ‘ऱ्य’ चुकत होता. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होत होते, म्हणजे डोंगरातली दरी थेट समुद्राला मिळत होती. तीस वर्षे मुद्रितशोधन केलेला माणूस मी. मस्तकात तिडीक गेली. ‘मराठीची ही काय दुर्दशा! जमत नसेल तर असली कामे हाती घेऊ नयेत,’ असे मी त्याला खरमरीत लिहिले.

दोन ओळींचे उत्तर आले. “काका, चूक बरोबर दाखवलीत. तक्ता उघडाच आहे, दुरुस्त करून पाठवा.”

आधी राग आला. मग तीन रात्री बसून गुरुजींच्या छापील प्रतीशी ताडत मी एकेक अक्षर लावले. प्रोग्रॅमिंगचा मला गंध नाही. पण जोडाक्षरे मला कळतात, आणि तिथे तेवढेच लागत होते. त्याने ते घेतले, आभार मानले, आणि माझे नाव मदत करणाऱ्यांच्या यादीत घातले. २०१९ साली कोश पुन्हा छापून झाला. गुरुजींच्या नातीने पहिली प्रत आणून दिली, तेव्हा मी सवयीने आधी ‘दऱ्या’चे पान उघडले.

त्या मुलाने आधी किती रात्री घातल्या होत्या, हे मी कधी विचारलेच नाही. एक्सझेडची हकिकत वाचल्यावर मी त्याला फोन केला आणि त्या पत्राबद्दल माफी मागितली. तो हसला. त्याला पत्र आठवतही नव्हते. “तसली खूप येतात,” म्हणाला. आता नोकरी आहे, मुलगी लहान आहे, वेळ होत नाही. “तक्त्याचे तुम्ही बघाल का?”

तेव्हापासून तक्त्याचे मी बघतो. ते जुने लॉक अजून टेबलाच्या खणात आहे. ते लावायची खोबण आजच्या संगणकांना उरलेलीच नाही. परवाच कोल्हापूरकडच्या एका सद्गृहस्थांचे पत्र आले: ‘श्र’ अजून नीट येत नाही, तुम्ही झोपा काढता काय?

मी एक कप चहा घेतला आणि उत्तर लिहिले. “चूक बरोबर दाखवलीत. तक्ता उघडाच आहे, दुरुस्त करून पाठवा. अडले तर फोन करा, दोघे मिळून बघू.”