बहुमत आणि बहुसंख्या

'बहुमत' आणि 'बहुसंख्या' हे दोन शब्द आपल्या बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि या गल्लतीतून लोकशाहीविषयीचे कितीतरी गैरसमज जन्मास येतात. बहुमत मतांनी घडते आणि मतांनीच मोडते. बहुसंख्या जन्माने ठरते. ती पाच वर्षांनी पालटत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली मुंबईत केलेल्या भाषणात नेमका हाच भेद दाखविला होता. राजकीय बहुमत घडते, मोडते आणि पुन्हा घडते, जातीय बहुसंख्या मात्र कायमची असते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. हिंदू राष्ट्रवाद आणि अल्पसंख्यांचे हक्क यांचा विचार आपण या भेदाच्या उजेडात करू.

हिंदू राष्ट्रवादाची एक प्रभावी वैचारिक मांडणी महाराष्ट्राच्याच माणसाने केली. सावरकरांचा 'हिंदुत्व' हा ग्रंथ १९२३ सालचा. ज्याची पितृभू आणि पुण्यभू दोन्ही भारतच आहे तो हिंदू, ही त्यातील व्याख्या. ख्रिस्ती आणि मुसलमान या व्याख्येबाहेर राहतात, कारण त्यांची पुण्यभू अन्यत्र. पुढे १९२५ साली नागपुरास राष्ट्रीय स्वयंसेवक संघ निघाला. १९५१ साली जनसंघ स्थापन झाला आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याचे अवघे ३ खासदार निवडून आले. त्याच परंपरेतील भारतीय जनता पक्षाला १९८४ साली २ जागा मिळाल्या, तर २०१९ साली ३०३. ही वाढ मतपेटीतून झाली आहे. तेव्हा तिला केवळ नावे ठेवून भागणार नाही. या पक्षाचे म्हणणे असे, की कायदा सर्वांस समान असावा आणि मतांसाठी कोणाचा अनुनय होऊ नये. ही मागणी करण्यात गैर काही नाही; समान नागरी कायद्याचा उल्लेख घटनेच्या ४४ व्या कलमातच आहे. प्रश्न वेगळा आहे. सरकारचा अधिकार लोकांच्या मतातून येतो, की त्यांच्या जन्मातून?

घटना समितीने त्याचे उत्तर दिले आहे. १९०९ साली इंग्रज सरकारने मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. मुसलमानांच्या जागांवर मुसलमानांनीच मते द्यावयाची. स्वतंत्र भारताने ही पद्धत टाकली. प्रथम धार्मिक अल्पसंख्यांसाठी राखीव जागा ठेवण्याचा विचार होता. १९४९ च्या मे महिन्यात तोही सोडून देण्यात आला. समितीतील बेगम ऐजाझ रसूल यांच्यासारख्या मुसलमान सभासदांनीच राखीव जागा नकोत असे सांगितले. अल्पसंख्यांनी हे संरक्षण सोडले ते एका विश्वासावर: मतदार माणसाचा धर्म न पाहता त्याची लायकी पाहतील. त्याच्या बदल्यात घटनेने सर्वांची एकच मतदार यादी केली, आणि धर्मस्वातंत्र्य, संस्कृती व शिक्षणसंस्था यांविषयीचे हक्क मूलभूत ठरविले.

या विश्वासाला कायद्याचेही कुंपण आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे धर्माच्या नावाने मते मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतील विजयी उमेदवाराची निवड याच कारणाने रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ती रद्दच ठेवली. २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी हे कुंपण आणखी रुंद केले: उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माचेही आवाहन निषिद्ध ठरले.

आता २०२४ ची लोकसभा निवडणूक पाहा. २२ जानेवारीस अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली. अयोध्या ज्या फैजाबाद मतदारसंघात येते तो राखीव नाही. तरीही तेथून समाजवादी पक्षाचे अवधेश प्रसाद हे दलित उमेदवार चोपन्न हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. देशात भारतीय जनता पक्षाच्या मतांचे प्रमाण शेकडा एकानेही घटले नाही. ते सुमारे ३७ च राहिले. परंतु जागा ३०३ वरून २४० वर आल्या, आणि सरकार मित्रपक्षांच्या आधाराने बनवावे लागले. २०११ च्या जनगणनेत हिंदू शेकडा ८० च्या जवळपास होते. म्हणजे बहुसंख्य समाज एकमुखाने मत देत नाही. तो एकमुखी आहे असे धरून जो बोलतो, तो हिंदूंच्याही मतस्वातंत्र्याची किंमत करीत नाही.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच जनगणनेत मुसलमान शेकडा १४ हून थोडे अधिक होते. २०२४ साली निवडून आलेल्या ५४३ खासदारांत ते २४ होते, आणि सत्ताधारी आघाडीच्या २९३ खासदारांत एकही नव्हता. एका जागेस एकच विजयी उमेदवार या पद्धतीत विखुरलेल्या समाजाला थोड्या जागा मिळणे काही अंशी स्वाभाविक आहे. परंतु १९४९ साली ज्या विश्वासावर राखीव जागा सोडल्या गेल्या, त्याचे देणे अजून फिटलेले नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

अल्पसंख्यांचे हक्क म्हणजे बहुसंख्यांनी केलेले दान, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. घटनेचे तिसावे कलम धर्माने अल्पसंख्य असणाऱ्यांइतकेच भाषेने अल्पसंख्य असणाऱ्यांनाही लागू आहे. बेळगावातील मराठी माणसाला त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात जो बहुसंख्य, तो सीमा ओलांडताच अल्पसंख्य होतो. शिवाय निवडणुकीत हरलेला प्रत्येक मतदार त्या पाच वर्षांपुरता अल्पमतातच असतो. आज हरलेल्याला उद्या जिंकण्याची वाट मोकळी असते, म्हणूनच तो निकाल शांतपणे मान्य करतो. एखाद्या समाजाला जन्मामुळेच कायमचे हरलेले ठरविले, तर त्याने निकाल कशाच्या आशेने मानावा? ही आशा सर्वांसाठी जिवंत ठेवणे हे सरकारचे काम आहेच. पण मतदान केंद्राच्या रांगेत उभे राहणाऱ्या आपणा सर्वांचेही ते काम आहे.