समुपदेशक फैसला देत नाही

गेल्या सत्राच्या शेवटी पालकसभा संपली आणि नववीतल्या एका मुलीची अम्मी मागे थांबून राहिली. मुलगी कित्येक महिने नीट झोपत नाही, परीक्षा जवळ आली की हातपाय गार पडतात, जेवण जात नाही. दोन तावीज झाले, एक आमिल झाला, रक्ताच्या तपासण्याही झाल्या, त्यात काही निघालं नाही. आम्ही म्हटलं, ‘आपा, एकदा समुपदेशकाला दाखवू या.’ त्या दचकल्याच. ‘टीचर, माझी पोरगी पागल नाहीये!’

हे वाक्य आम्ही नोकरीत अनेकदा ऐकलंय. आणि खरं सांगायचं तर पूर्वी आम्हीही वेगळं काही करत नव्हतो. असाच गप्प गप्प राहणारा एक मुलगा होता, त्याला आम्ही ‘सब्र कर, मन लावून अभ्यास कर’ एवढंच सांगत राहिलो. तो दहावीच्या परीक्षेला बसलाच नाही. म्हणून हा विषय आज मांडतोय.

आधी कोण कोणतं काम करतं ते समजून घेऊ. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या शाखेत शिकलेले डॉक्टर, औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, ते चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असावी लागते. समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर, रोजच्या जगण्यातल्या अडचणींवर बोलून मदत करतात. ‘काउन्सेलर’ अशी पाटी मात्र कुणीही लावून बसतो, म्हणून शिक्षण कुठे झालं, नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. यात बेअदबी काही नाही. गवंडी लावतानासुद्धा आपण चार घरी चौकशी करतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे नवरा-बायकोचं बिनसलं की दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, कधी जमातीचे सदर येतात. सूरह निसाच्या ३५व्या आयतीत दोन्ही घराण्यांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलंय, त्यामुळे या बैठकीला दीनचा आधार आहे आणि तिच्यामुळे कितीतरी संसार टिकले. पण बैठकीत बहुतेक वेळा ‘चूक कुणाची’ हे ठरतं. एकजण मान खाली घालतो, दुसरा जिंकून घरी जातो, आणि महिन्याभराने तेच भांडण पुन्हा. समुपदेशकाकडेही आपली माणसं हीच अपेक्षा घेऊन जातात, की हा आपल्या बाजूने फैसला देईल. तो तसा देत नाही म्हणून ‘पैसे फुकट गेले’ म्हणत परत येतात.

समुपदेशक बघतो ते भांडण कसं चालतं. कोकणात घरोघरी दिसणारं उदाहरण घ्या. नवरा कुवेत किंवा दुबईला, बायको सासरी. तो फोनवर खर्चाचा हिशोब विचारतो, तिला वाटतं आपल्यावर शक आहे, ती तुटक बोलते. तो आणखी विचारतो, ती फोनच ठेवते. मग तो आईला फोन करून विचारतो, आणि घरात आग. दोघांपैकी वाईट कुणीच नाही. एक जितका मागे लागतो तितका दुसरा आत ओढला जातो. दांपत्य समुपदेशनात हे चक्र दोघांसमोर ठेवतात आणि हिशोबाच्या प्रश्नामागची खरी गोष्ट, ‘मी इथे एकटा पडलोय’, ती बोलायला शिकवतात. हल्ली हे व्हिडिओ कॉलवरही होतं.

एकट्या माणसासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे सीबीटी. १९६०च्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी तिची मांडणी केली. ‘एक पेपर बिघडला तर अब्बूंची इज्जत गेली’ असा विचार मनात येतो, त्यातून धडधड, धडधडीमुळे पेपर खरोखर बिघडतो. तो विचार वहीत लिहायचा, तो कितपत खरा आहे ते तपासायचं, आणि ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करून पाहायचं. साधारण आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास, असे काही आठवडे. शिक्षक म्हणून आम्हाला ही पद्धत आवडते, कारण हिच्यात गृहपाठ आहे!

कुटुंब-उपचारात घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवतात. ‘पोरगा बिघडलाय’ म्हणून आणलेला असतो, आणि बोलता बोलता कळतं की अम्मी-अब्बू एकमेकांशी बोलतच नाहीत, सगळे निरोप पोरामार्फत जातात.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. घरात मारहाण असेल तर ‘दोघं मिळून काउन्सेलिंगला जा’ हा सल्ला देऊ नका. मारणाऱ्यासमोर ती खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर रात्री घरी काय होईल? तिला आधी सुरक्षित जागा आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची मदत हवी. महिला हेल्पलाइन १८१ आहे. पोलिसांच्या जागेत चालणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष आहेत, टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत त्याची सुरुवात केली.

राहिला प्रश्न दुआचा. दुआ सोडा असं कुणीच म्हणत नाही. दहाव्या शतकात होऊन गेलेले अबू जैद अल्-बल्खी यांनी शरीर आणि नफ्स दोन्हींच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं, त्यात राग, भीती, उदासी आणि वसवसे यांचा वेगवेगळा विचार केला. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मीरा दातार दर्ग्यावर ‘दवा और दुआ’ नावाचा उपक्रम चालला, तिथले मुजावरच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवू लागले. याच्या उलट टोकाला तामिळनाडूतलं एरवाडी. ६ ऑगस्ट २००१ला तिथल्या एका आश्रयगृहात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. आता २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. त्याच कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवणंही बंधनकारक केलंय, जिवाला धोका असण्यासारखे अपवाद सोडून. ‘मुलीचं स्थळ मोडेल’ ही भीती बाळगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खर्चाची चिंता असेल तर सुरुवात १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकापासून करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास, मोफत चालते, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. तलाक किंवा खुल्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर कौटुंबिक न्यायालयांतही समुपदेशक असतात.

त्या आपांनी तीन दिवस विचार केला आणि १४४१६ला फोन लावला. मुलीच्या जिल्हा रुग्णालयात चार भेटी झाल्यात. झोप बरीच सुधारलीय, गणिताची धास्ती अजून आहे. तावीजही गळ्यात आहे, तो काढायला कुणी सांगितलेलं नाही. पाचव्या भेटीला अब्बूंनाही बोलावलंय, आणि ते दुकान बंद ठेवून येतो म्हणालेत.