तुकड्यातुकड्यांनी सापडलेलं झाड

नागपूरला १८४५मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी. पण भूविज्ञानाला ते आठवतात टाकळीच्या फळबियांसाठी आणि कामठीच्या दगडातल्या पानांसाठी. ही पानं लंडनला पोचली आणि १८६१मध्ये चार्ल्स बनबरींनी त्यांचं वर्णन छापलं. अशा पानांना ‘ग्लॉसॉप्टेरिस’ हे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राँन्यारनं १८२८मध्येच दिलेलं होतं, नेचा समजून. शिरांची जाळी जरा वेगळी दिसली की नवी प्रजाती, असा त्या काळचा खाक्या. मुळांसारखे तुकडे ‘व्हर्टेब्रारिया’ या नावानं वेगळेच नोंदले गेले होते. १९५२मध्ये दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी याच पानांना चिकटलेले फलावयव दाखवले. नेच्याची समजूत ढासळली, नाव मात्र टिकलं.

जीवाश्म झाड अखंड मिळणं दुर्मीळ. पान, खोड, फळ वेगवेगळं सापडतं आणि हाती येईल त्या तुकड्याचं बारसं उरकावं लागतं. अंदाजानं सगळं एका झाडाच्या नावावर चढवण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत.

अशा बारशांची एक जागा म्हणजे मोहगाव कलान. हे गाव आज मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात आहे. १९५६पर्यंत ते आणि नागपूर एकाच प्रांतात होती. दख्खनचा लाव्हा थांबून थांबून वाहिला. मधल्या काळात साचलेल्या तळ्यांत झाडाझुडपांचे अवशेष पडले, सिलिका झिरपली आणि गारगोटीसारख्या कठीण चर्टमध्ये पेशी न पेशी जपली गेली. असा दगड कापायचा, काप काचेला चिकटवायचा आणि कार्बोरंडमच्या भुकटीत तो घासत राहायचा, आरपार उजेड दिसेपर्यंत. जरा जास्त घासलं की काप हातचा गेला, आणि कधीकधी तो नमुना एकुलता एक असतो.

इथल्याच एका कप्पेदार फळाला पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी ‘एनिग्मोकार्पॉन परिजाई’ म्हटलं. कोड्यात टाकणारं फळ, आणि मान ओडिशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण परिजा यांचा. १९४३च्या सविस्तर लेखात साहनींनी या फळाचा संबंध मेंदी-तामणीच्या कुळाशी जोडला. पुढच्याच वर्षी नागपूरच्या सायन्स कॉलेजातले व्ही. बी. शुक्ल यांनी तिथलंच एक फूल प्रसिद्ध केलं, ‘साहनिअँथस परिजाई’, आणि फूल व फळ एकाच वनस्पतीचं असल्याचं मांडलं. म्हणजे फळावर परिजांचं नाव, फुलावर साहनी आणि परिजा दोघांचं. सातबाऱ्यावर एकाच जमिनीला अनेक वारस लागावेत तसं! दोन्ही नावं पुढेही वापरात राहिली.

राजमहाल टेकड्यांतल्या निपानियाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. खोड ‘पेंटॉक्सिलॉन’, पान ‘निपानिओफायलम’, मादी शंकू ‘कार्नोकोनायटिस’. साहनींनी १९४८मध्ये त्यांचा ‘पेंटॉक्सिली’ हा गट मांडला. १९४९च्या ३ एप्रिलला साहनींनी स्थापलेल्या लखनौच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला नेहरूंच्या हस्ते बसली, त्या कोनशिलेतच जीवाश्म जडवलेले होते. १० एप्रिलला साहनी गेले. संस्था त्यांच्या पत्नी सावित्री साहनींनी सांभाळली. निपानियाच्या याच वनस्पतीच्या नर अवयवाला विष्णु-मित्रे यांनी ‘साहनिया’ हे नाव दिलं, ते त्यानंतर.

तुकड्यांना दिलेल्या अशा नावांपैकी पुण्याच्या प्रा. टी. एस. महाबळे यांना खटकत होतं ते ‘पामॉक्सिलॉन’. ताड-माडाच्या वर्गातलं कुठलंही अश्मीभूत खोड आलं की ते या गाठोड्यात. पण अशा खोडाची घडण बुंध्यापासून शेंड्यापर्यंत आणि गाभ्यापासून कडेपर्यंत बदलते. एकाच खोडाचे दोन तुकडे दोन प्रजाती वाटू शकतात. म्हणून त्यांनी १९५८मध्ये जिवंत ताडवर्गीयांच्या घडणीशी ताडून हे गाठोडं सोडवायची वाट सुचवली. ‘पामॉक्सिलॉन’ मात्र आजही वापरात आहे.